दाढीच्या डब्यातली गोळी

मागच्या आठवड्यात तांदळातल्या पोरकिड्यांबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. कुणी कडुलिंबाचा पाला सांगितला, कुणी बोरिक पावडर. त्या ढिगात एक पत्र मात्र पोरकिड्यांचं नव्हतं. इचलकरंजीच्या एका भगिनीने लिहिलंय :

"लग्नाला चार वर्षं झाली, अजून दिवस राहिले नाहीत. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, कशात काही दोष नाही. ह्यांचं हे दुसरं लग्न, वय ४४. त्यांना लघवीच्या त्रासासाठी रोज रात्री एक गोळी आहे. ताई, त्या गोळीचा आणि मूल न होण्याचा काही संबंध असेल का? विचारायची लाज वाटते, म्हणून नाव घालत नाही."

दोन वर्षांपूर्वी हे पत्र आलं असतं, तर मी 'डॉक्टरांना विचारा' असं एका ओळीत लिहून पुढच्या पत्राकडे वळले असते. पण गेल्या मे महिन्यात आमच्याच घरात असं काही घडलं, की हा प्रश्न मला आता लहान वाटत नाही. मी काही डॉक्टर नाही. साधी बी.ए. झालेली, सकाळी अर्धा दिवस शाळेत मराठी शिकवणारी गृहिणी. पण जे पाहिलं, डॉक्टरांकडून समजून घेतलं आणि मग वाचलं, ते तुम्हाला सांगते. माझ्या मावसबहिणीला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "लिही तू. माझी चार वर्षं गेली, दुसरीची तरी वाचतील."

ही बहीण पुण्याला असते. वय एकतीस. लग्नानंतर दोन वर्षांत पाळणा हलला नाही तशी कुजबुज सुरू झाली. मग सोळा सोमवार झाले, नवस झाले, आणि त्यांच्या जोडीने तपासण्याही झाल्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला रंग घालून फोटो काढला. त्या दिवशी ती कळवळून आली होती. सगळं सगळं ठीक निघालं. तरी हळदीकुंकवाला तिची ओटी भरताना बायकांचे हात जरा आखडतच. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या घराण्यात नाही हो असं कुणाला." म्हणजे दोष कुणाचा ते न तपासताच ठरलेलं! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, त्यातला प्रकार.

आमच्या मेहुण्यांची तपासणी झाली ती सगळ्यात शेवटी. वीर्यात शुक्रजंतूंची संख्या फार कमी निघाली, एका मिलिलिटरला जेमतेम चाळीस लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा १ कोटी ६० लाख धरलेली आहे. यातून मार्ग म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबी, असं ठरलं. खर्च लाखांत. बहिणीने लग्नातल्या पाटल्या काढून ठेवल्या.

मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून सोबतीला मी गेले. दवाखान्याची फाइल भरत होतो. चिकटपट्टी कापायला कात्री मिळेना, म्हणून तिने नवऱ्याचा दाढीचा डबा उपडा केला. ब्लेडच्या पाकिटांमागून गोळ्यांच्या दोन स्ट्रिप पडल्या. एक अर्धी रिकामी.

"हे कशाचं?" तिने विचारलं. मेहुणे दारातच उभे होते. चेहरा असा झाला की मला वाटलं, काहीतरी भयंकर ऐकावं लागणार. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "केसांची गोळी आहे. लग्नाच्या आधीपासून घेतोय."

सहा वर्षं! वधूवर मेळाव्यांत दोन-तीन ठिकाणी 'मुलाचं कपाळ फार मोठं आहे' म्हणून नकार आला होता. मित्राने गोळी सुचवली. केस टिकले, लग्न झालं, आणि गोळी चालूच राहिली. डॉक्टरांनी 'काही औषधं चालू आहेत का? बीपी? शुगर?' असं दर वेळी विचारलं आणि त्यांनी दर वेळी 'नाही' सांगितलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. केसांची गोळी हे औषध, असं त्यांच्या मनातच नव्हतं. आणि थोडी लाजही होतीच.

बहीण दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती स्ट्रिप पर्समध्ये घालून दोघंही डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गोळीचं नाव वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "हे मला आधी कळायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. मग कागदावर चित्र काढून समजावलं. ते मी माझ्या स्वयंपाकघरच्या भाषेत सांगते.

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरोन नावाचं संप्रेरक असतं. ते समजा दूध. शरीरात एक विरजण असतं, ते या दुधाचं दही करतं. या दह्याचं नाव डीएचटी. ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे, त्यांच्या डोक्यावरच्या केसांची मुळं या डीएचटीने बारीक होत जातात. आणि उतारवयात प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, वाढते तीही याच्याच जोरावर. फिनास्टेराइड नावाची गोळी काय करते, तर विरजणच काढून घेते. दूध शिल्लक राहतं, दही होत नाही. रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरतं. म्हणून एकाच औषधाची ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी आणि १ मिलिग्रॅमची केसांसाठी. अमेरिकेत पहिलीला १९९२ साली परवानगी मिळाली, दुसरीला १९९७ साली. ड्युटास्टेराइड हे तिचं मोठं भावंड. ते दोन्ही प्रकारची विरजणं काढतं आणि डीएचटी नव्वद टक्क्यांहून जास्त उतरवतं.

हे औषध सुचलं कसं, तीही एक गोष्ट आहे. डोमिनिकन रिपब्लिक हा वेस्ट इंडीजमधला देश. तिथल्या सॅलिनास गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढत, आणि वयात आल्यावर पुरुष होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली त्याचं कारण प्रसिद्ध केलं. या मुलांच्या शरीरात ते विरजण जन्मतःच कमी होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट लहान राही आणि टक्कलही पडत नसे. त्यावरूनच औषध शोधणाऱ्यांना वाट सापडली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता मूळ प्रश्न. या गोळीने मूल होण्यात अडथळा येतो का? सरळ उत्तर असं : बहुतेक पुरुषांना येत नाही, काहींना येतो.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८१ तरुण पुरुष होते. त्यांतल्या काहींना ४८ आठवडे रोज १ मिलिग्रॅम फिनास्टेराइड दिलं, काहींना नुसती दिखाऊ गोळी. वीर्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ९९ निरोगी पुरुषांचा वर्षभराचा अभ्यास छापला. त्यात औषध प्रोस्टेटच्या मात्रेत, म्हणजे जास्त होतं. सहा महिन्यांनी शुक्रजंतूंची एकूण संख्या फिनास्टेराइडवाल्यांत सरासरी ३४ टक्के आणि ड्युटास्टेराइडवाल्यांत २९ टक्के घटलेली होती. वर्षअखेर, गोळी चालू असतानाही, ही घट काहीशी भरून आली. पण वीर्याचं प्रमाण कमी राहिलं आणि शुक्रजंतूंची हालचालही थोडी मंदावली. मुख्य म्हणजे, शंभरात पाचेक जणांत ही घट फार मोठी होती.

हे जे शंभरातले पाच आहेत ना, त्यांच्याच घरी पाळणा अडतो. ज्याची संख्या मुळात भरपूर आहे, त्याच्या डब्यातून चार मुठी गेल्या तरी कळत नाही. ज्याच्या डब्याचा मुळात तळच दिसतोय, त्याला एक मूठही जड जाते.

कॅनडातला २०१३ सालचा अभ्यास नेमका अशांचाच आहे. मूल होत नाही म्हणून आलेल्या सुमारे ४४०० पुरुषांत २७ जण फिनास्टेराइड घेत होते, तेही केसांच्या लहान मात्रेत. गोळी थांबवल्यावर त्यांची शुक्रजंतूंची संख्या सरासरी साडेअकरा पटींहून जास्त वाढली. ४४०० मध्ये २७ म्हणजे फार नाहीत, हे खरंच. पण त्या सत्तावीस घरांना उत्तर इतकं स्वस्तात मिळालं, ही गोष्ट लहान नाही.

आमच्या डॉक्टरीणबाईंनीही 'गोळीमुळेच झालं' असं छातीठोकपणे सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "कारण हेच असेल असं नाही. पण पाटल्या मोडण्याआधी हे करून बघायला काय हरकत आहे? गोळी बंद करा, साडेतीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासू." इतके महिने का, तर शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. आज दिसणारे शुक्रजंतू हे तीन महिन्यांपूर्वीचं पीक. फिनास्टेराइड शरीरातून थोड्या दिवसांत निघून जातं, पण पीक नव्याने यायला वेळ द्यावाच लागतो. ड्युटास्टेराइड मात्र चिवट असतं. थांबवल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतं, म्हणून तिथे धीर आणखी धरावा लागतो.

आता इचलकरंजीच्या भगिनीला उत्तर. बाई ग, लघवीच्या त्रासाच्या गोळ्या दोन जातींच्या असतात. एक वर सांगितली ती, प्रोस्टेट आक्रसवणारी. दुसरी जात स्नायू सैल करून लघवीची वाट मोकळी करणारी. टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन ही त्यातली नावं. ही गोळी शुक्रजंतू मारत नाही. पण मूत्राशयाच्या तोंडाशी जो स्नायू त्या वेळी घट्ट मिटायला हवा, तोही सैल पडतो. त्यामुळे काही पुरुषांत वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं, किंवा बाहेर पडतच नाही. सिलोडोसिनने हे जास्त होतं. जिवाला त्याचा काही अपाय नाही, पण दिवस राहणार कसे? यजमानांच्या बाबतीत वीर्य फार कमी येतं किंवा येतच नाही असं तुमच्या ध्यानात आलं असेल, तर तसं स्पष्ट शब्दांत डॉक्टरांना सांगा. गोळी बंद केली की हा परिणाम जातो, आणि त्याच गटातल्या काही गोळ्यांनी हा त्रास बराच कमी होतो. तेव्हा डॉक्टर बदलून देऊ शकतील. कदाचित दोन्ही जातींचं औषध एकाच कॅप्सूलमध्ये असेल. तशाही मिळतात. म्हणून डबी सोबत न्याच. आणि पुढेमागे प्रोस्टेटच्या ऑपरेशनचं कुणी सुचवलं, तर 'आम्हाला मूल हवं आहे' हे आधी सांगा, कारण ऑपरेशननंतरही वीर्य मागे जाण्याचा त्रास होतो आणि तो बहुधा कायमचा असतो.

एक मात्र करू नका. घरच्या घरी गोळी बंद करून टाकू नका. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची गोळी अचानक थांबली, तर लघवी अडून रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागू शकतो.

आता ती सॅलिनासची मुलं आठवा. मुलग्याचं बाहेरचं अंग पोटात असताना घडतं ते याच डीएचटीमुळे. म्हणून गरोदर बाईने, किंवा जिला दिवस राहण्याची शक्यता आहे तिने, फिनास्टेराइडची फुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळू नये. ड्युटास्टेराइडच्या कॅप्सूलमधलं औषध तर कातडीतूनही आत जातं. अख्ख्या गोळीवर पातळ आवरण असतं, तिला नुसता हात लागला तर घाबरायचं कारण नाही. पण आपल्या घरांतून काय होतं? आमच्या मामंजींना गोळी गिळवत नाही, म्हणून धाकट्या जाऊबाई ती खलात कुटून मधातून देत होत्या, आणि त्यांना तेव्हा तिसरा महिना होता! मला हे कळल्यावर मी खल हिसकावूनच घेतला. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी धीर दिला आणि हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे. मला आता कसली भीती?" तेव्हापासून मामंजींची गोळी त्यांच्या ताब्यात. पुतण्या सुखरूप झाला.

डोक्याला लावायच्या लोशनचंही तसंच. नुसतं मिनॉक्सिडिल असलेलं लोशन डीएचटीच्या वाटेला जात नाही. पण बाजारात मिनॉक्सिडिलमध्ये फिनास्टेराइड मिसळलेल्या बाटल्याही आहेत आणि दोन्हींना लोक 'केसांचं लोशन' एवढंच म्हणतात. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. मिश्रण असेल तर आपल्या हाताने नवऱ्याच्या डोक्याला चोळून द्यायचं नाही, त्यांचं त्यांना लावू द्या आणि हात धुवायला सांगा. ड्युटास्टेराइड घेणाऱ्याने गोळी थांबवल्यावर सहा महिने रक्तदान करू नये, तेही एवढ्यासाठीच. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं जायचं.

या गोळ्यांनी काहींची कामेच्छा कमी होते, काहींचं मन खिन्न राहतं. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०२५ साली फिनास्टेराइडच्या गोळ्यांच्या दुष्परिणामांत आत्महत्येचे विचार येण्याचीही नोंद पक्की केली. तेव्हा गोळी चालू असताना घरचा माणूस गप्प गप्प झाला, तर 'ऑफिसचा ताण असेल' म्हणून सोडून देऊ नका.

जाता जाता जिममधल्या तरुण दिरांबद्दलही सांगते. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरोनची इंजेक्शनं घेतात ना, त्यांनी तर शुक्रजंतू बनणंच बंद पडू शकतं. बाहेरून आयतं दूध येतंय म्हटल्यावर घरची गाय आटते, तसं.

तर मैत्रिणींनो, एवढं करा. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा तुमचं वय पस्तिशीपुढे असेल आणि सहा महिने झाले, तर तपासायला दोघांनी एकाच दिवशी जायचं. वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी. ती पहिली व्हावी, शेवटची नव्हे. जाण्याआधी एका कागदावर दोघांच्याही गोळ्या, लोशनं, चूर्णं, पावडरी, इंजेक्शनं लिहून काढा. केसांची, जिमची, मित्राने दिलेलीसुद्धा. आणि दाढीच्या डब्यात काही सापडलं तर भांडण उकरून काढू नका. आपण नाही का पांढरे केस झाकत? त्यांनाही टकलाची लाज वाटते, आणि ती लाज आपणच मुली बघताना-दाखवताना त्यांच्या डोक्यात घातलेली असते.

बहिणीचं काय झालं ते राहिलंच. सप्टेंबरात पुन्हा तपासणी झाली. संख्या २ कोटी १० लाखांवर आली होती. डॉक्टरीणबाईंनी टेस्ट-ट्यूबचा बेत पुढे ढकलला आणि येत्या जूनपर्यंत वाट बघायला सांगितलं. गोड बातमी अजून नाही. येईलच असं मी म्हणणार नाही. पण पाटल्या परत कपाटात गेल्या, आणि सासूबाईंनी 'आमच्या घराण्यात' हे शब्द त्यानंतर उच्चारलेले नाहीत. फाइलमधला तो कागद त्यांनी दोनदा चष्मा लावून वाचला म्हणे.

दिवाळीच्या पाडव्याला बहिणीने नवऱ्याला पाटावर बसवून डोक्याला तेल लावलं. गोळी सुटून सहा महिने होत आले होते, राखलेले केस ओसरायला लागले होते. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी तेल कमी लागेल तुला." ती म्हणाली, "बरंच झालं. तेल महागच झालंय."

पुढच्या आठवड्यात उन्हाळी वाळवणं : साबुदाण्याच्या पापड्या तडकू नयेत म्हणून काय करायचं, ते. पत्रं पाठवा. नाव घालायची लाज वाटली तर घालू नका, पण प्रश्न मात्र विचारा.

तुमची,
ताई